बाबांच्या कोटाची सहा बटणं

सोमवार, ४ नोव्हेंबर

बाबा लग्न करतायत!

लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही. सकाळी दुकान उघडून मशीनवरचं फडकं काढतेय तोवर बाबा दारात उभे. हातात पावाची पिशवी. बेकरीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण रिकाम्या हातानं कुठे जाणं नाही. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "एक सांगायचंय. रागावू नकोस." मला वाटलं तब्येतीचं काहीतरी. माझा जीव वरखाली! आणि बाबा म्हणतात, "मी लग्न करतोय."

मी किंचाळलेच. शेजारचा चपलावाला हातोडी घेऊन धावत आला.

बाई बागेत सकाळी फिरायला येतात. रिटायर्ड बस ड्रायव्हर. "आवाज जरा मोठा आहे," बाबा म्हणाले, "पण मनानं फार चांगल्या." आणि हे बोलताना चौऱ्याहत्तराव्या वर्षी कानाच्या पाळ्या लाल! आई गेल्यापासून बाबांना असं बोलताना बघितलंच नव्हतं. तारीखसुद्धा ठरवून आलेत — २९. नोंदणी कार्यालयात, मोजकी माणसं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

कोट मात्र मी शिवायचा. "पुढून बटणांचा. सहा." मी म्हटलं, बाबा, चेन लावते ना, हात कापतात तुमचे, सोपं पडेल. तर लहान मुलासारखे हटून बसले. "चेन नको. बटणंच."

बरं बाबा, बटणं तर बटणं. माझी काजवाली लावेल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कापड आणलं. गडद तपकिरी, मऊ, अस्तर मात्र लाल. बाबा म्हणाले, "लाल कोण बघणार?" मी म्हटलं, ज्यांनी बघायचं त्या बघतील! पळालेच.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काजवाली गावाला निघाली. तिच्या लेकीला जुळं होणार! मला मिठीच मारली तिनं दुकानात. आनंदच आहे, पण मला एकदम हात तुटल्यासारखं झालं. दुकान घातलं त्या दिवसापासून काज-बटण तिचंच. मी कापते, शिवते, पिशवी तिच्या घरी जाते. ती काजं करते, बटणं लावते, घडी घालून कागदात बांधून पाठवते, आणि मी तो पुडा तसाच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते. बटणांचा डबासुद्धा तिच्याच घरी.

तो डबा आज माझ्या कातरकामाच्या टेबलावर ठेवून गेली. "सहा तर लावायचीत. तुम्हाला काय ताई, हातचा मळ!"

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कोट बेतला. पाठ कापली, बाह्या कापल्या. हात छान चालतोय.

डबा उघडला. बंद केला.

दुपारी परत उघडला. आत हात घालून तपकिरी बटणं निवडायची, बस, एवढंच. वरची पांढरी, चार भोकांची, एकमेकांवर सरकली — बारीक खुळखुळ आवाज. मान घामेजली. मी मोरीकडे पळाले, उलटी होते की काय! हात साबणानं धुतले. परत धुतले. शिवलेसुद्धा नव्हते बटणांना, तरी धुतले.

पित्त असणार. काल रात्रीची भाजी होती.

डबा टेबलावर अडचण करतो म्हणून कपाटात ठेवला. कपाटात वास मारतो म्हणून मोरीत. मोरीत ओल लागेल म्हणून शेवटी चपलावाल्याकडे ठेवायला दिला. तो म्हणाला, "ताई, ह्यात आहे तरी काय?" मी म्हटलं, बटणं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आजचं नीट लिहून ठेवते. असा दिवस रोज येत नाही!

पित्ताची गोळी घेऊन काही फरक नाही. काल नुसतं कोटाचं पुढचं पान समोर धरून बटणांच्या जागा खडूनं आखल्या, तर छाती धडधड. हे म्हणाले, "अगं, बीपी असेल. चल." आमचे डॉक्टर जुने, ओळखीचे. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि वाकले. त्यांच्या पांढऱ्या कोटाचं एक बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. माझ्या नाकासमोर. हलत होतं!

बीपी आभाळाला भिडलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर. "आधी कधी त्रास?" नाही. "घरात कुणाला?" नाही. बाहेरून नर्सबाईंना हाक मारली. त्या आल्या — अंगात साधा सदरा, डोक्यावरून घालायचा. त्यांनी मोजलं. एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "मशीन बिघडलं वाटतं." परत स्वतः मोजायला वाकले. परत आभाळाला!

हे कोपऱ्यात उभे. म्हणतात, "डॉक्टर, तुमचीच भीती वाटतेय तिला." चेष्टेनं हो! पण डॉक्टर थांबले. मला म्हणाले, "तुम्ही कुठे बघताय?"

मी म्हटलं, "तुमचं... ते बटण."

त्यांनी कोट काढला, दाराबाहेर टांगला, हात चोळत आले, मोजलं. नॉर्मल! मग खुर्चीत बसून असे हसले, आणि लगेच सॉरी म्हणाले. म्हणाले, ह्याला फोबिया म्हणतात. कुणाला पालीचा, कुणाला लिफ्टचा, तुम्हाला बटणांचा. भीती कुणाला वाटत नाही? पण ह्यात काय होतं, वस्तू काही करणार नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं आणि अंग ऐकत नाही. "आणि दुसरी खूण," ते म्हणाले, "ती गोष्ट टाळायला माणूस आपलं सगळं आयुष्य हळूच वळवून घेतो. त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. घरी जाऊन आठवा, काय काय वळवलंत."

मी म्हटलं, अहो, पण मी शिंपीण आहे!

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाले, "बरंच वळवलं असणार."

रविवार, १० नोव्हेंबर

अरे देवा! काय काय वळवलंय!

सकाळी चहा घेता घेता मी ह्यांच्याकडे बघितलं. टी-शर्ट. काल टी-शर्ट. आमच्या संसारात हे रोज टी-शर्ट! लग्नानंतर महिन्याभरात ह्यांचे सगळे शर्ट मी "जुने झालेत" म्हणून वाटून टाकले होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही कधी विचारलं कसं नाहीत? तर म्हणतात, "मला वाटलं, फ्रीज दुरुस्तीवाल्याला टी-शर्टच शोभतो असं तुझं मत आहे." असा माणूस!

मग आम्ही दोघं घरभर फिरलो, चोर शोधावा तसे. उशांचे अभ्रे — नाड्या. लेकीची लहानपणची झबली मी पेटीत जपून ठेवलीत — नाड्या. माझे ब्लाउज — हूक. पडद्यांना फिती. बाजारात जाताना मी शॉर्टकट सोडून लांबच्या गल्लीनं जाते, तिकडे सावली आहे म्हणून. सावली कसली! शॉर्टकटला बटण-लेसचं दुकान आहे, आणि मला आज कळलं!

आणि सगळ्यावर कळस — माझं नाव! "तुमच्या हातचं जाकीट लांबून ओळखू येतं, बटण म्हणून नाही." किती जणींनी म्हटलंय, आणि मी किती ऐटीत मान डोलावलीय. माझी कला! पलीकडच्या गल्लीतल्या टेलरनं तर मागल्या वर्षी माझी नक्कल करून बिनबटणांची जाकिटं काढली. माझी भीती त्यानं काचेच्या कपाटात लावलीय! हे आठवलं आणि मी हसत सुटले. हे पण. मला श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी.

त्यातलं थोडं खरं पाणी होतं. मला लहानपणापासून वाटायचं, माझ्यात काहीतरी विचित्र आहे, कुणाला दिसू नये. आज त्याला नाव मिळालं. नाव असलेली गोष्ट आणखीही कुणाला तरी असणार ना! फार हलकं वाटतंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बाई आल्या! बाबांच्या. दुकानात शिरल्या तशी काच थरथरली. आवाज जरा मोठा आहे म्हणे! मला बघून म्हणाल्या, "अगदी बापाचं नाक!" मी लगेच प्रेमात. काय म्हणू तुम्हाला, असं विचारलं. आई तर म्हणवणार नाही. त्या म्हणाल्या, "मावशी म्हण. तिला जबाबदारी कमी असते."

मावशींनी एक कागदाची पुडी आणली होती. त्यांच्या जुन्या कोटाची बटणं, शेवटची फेरी मारली त्या दिवशी अंगात होता तो कोट. "कोट गेला, बटणं ठेवली. त्यांच्या कोटाला लाव." पुडी टेबलावर उलटी केली. बिस्किटाएवढी. तपकिरी. चार भोकांची. सहा.

मी हळूच शिवणयंत्राच्या पलीकडे सरकले. तोंडावर हसू घट्ट धरून!

मी म्हटलं, मावशी, बाबांना चेन सोपी नाही का पडणार? तर त्यांनी सगळं सांगितलं. बाबा हिवाळ्यात बागेत कोट उघडा टाकून यायचे, कुडकुडत. (कोट खास बागेसाठी, माझ्याकडे येताना तो जुना स्वेटर. नटवे कुठले!) एक दिवस मावशींनी अडवलं. "अहो, दार बंद केल्याशिवाय गाडी हलत नाही!" आणि भर रस्त्यात बटणं लावून दिली. हात कापतात, लागत नाहीत, हे बाबांनी खाली बघत सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत उघडा. तिसऱ्या दिवशी परत. "मग पावसाळा आला," मावशी म्हणाल्या, "उकडत होतं. तरी हे कोट घालून हजर! मी म्हटलं, ओळखलं तुम्हाला."

म्हणून चेन नको. चेन बाबांची बाबांना लावता येईल!

मला हसू पण आलं आणि रडू पण. आता ह्यात पळवाट नाही. बाबांना माझं काही सांगायचंही नाही. कळलं तर त्याच मिनिटाला म्हणतील, "मग चेनच लाव, मला काय." आणि मनातलं मनात ठेवतील. ते नको. ह्या कोटाला बटणंच लागणार, हीच लागणार, आणि २९ च्या आत.

बुधवार, १३ नोव्हेंबर

हे म्हणाले, "मी लावतो. कॉम्प्रेसर बदलतो, बटण काय चीज!" नको. बाबांच्या कोटावर दुसऱ्याचा टाका मला खपणार नाही. पलीकडच्या टेलरकडे तर मेले तरी जाणार नाही.

डॉक्टरांकडे गेले. ते (कोट काढून!) म्हणाले, एकदम उडी नको. कमी भीतीपासून जास्तीकडे. आणि भीती वाटली की लगेच पळायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. "ती उतरते. पळणाऱ्याला ते कधीच कळत नाही."

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कागदावर बटण काढलं. गोल, आत चार टिंबं. टिंबं काढताना पेन्सिल मोडली. दुसरं काढलं. मग त्याला मिशा काढल्या. मिशीवालं बटण फारसं भीतीदायक नसतं!

रविवार, १७ नोव्हेंबर

ह्यांनी शर्ट आणला! निळा, पूर्ण बटणांचा. खोलीच्या त्या टोकाला भिंतीला टेकून उभे राहिले, मी ह्या टोकाला. "येऊ का?" थांबा. "येऊ?" एक फरशी या. मी श्वास मोजला, टक लावून बघत राहिले. भीती उतरली थोडी. "आता?" या. असं करत करत हातभर अंतरावर आले, आणि एवढ्यात लेकीचा फोन. हे म्हणाले, "नंतर कर, तुझी आई मला शर्टात बघतेय." त्या पोरीला काय वाटलं असेल!

पण एक सांगते. शर्टात काय रुबाबदार दिसतो माझा नवरा! इतकी वर्षं मी स्वतःचंच नुकसान केलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज फजिती. धीर आला म्हणून मावशींची पुडी उघडली. एक बटण निसटलं, जमिनीवर पडलं आणि कडेवर गोल गोल फिरत थेट माझ्या पायाकडे! मी स्टुलावर. हातात कात्री. तेवढ्यात गिऱ्हाईक आत. "ताई, उंदीर?" हो, म्हटलं, उंदीर. त्या बाईही शेजारच्या स्टुलावर! दोघी वर उभ्या, खाली एक बटण. शेवटी चपलावाल्यानं येऊन उचललं. "हाच का उंदीर?" 

हसले, पण घरी येऊन रडले. नऊ दिवस राहिले. कोट तयार आहे, अस्तर झालं, काजंसुद्धा हातानं केली. काजांची मला भीती नाही. नुसती भोकं, वाट बघत असलेली. बाबा ज्या दिवशी उघड्या कोटात उभे राहतील त्या दिवशी मी कुठे तोंड लपवू?

गुरुवार, २१ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, स्टुलावर चढलात ते ठीक, पण खोलीतून पळाला नाहीत. हे प्रगतीत धरायचं.

धरलं!

शनिवार, २३ नोव्हेंबर

एक बटण तळहातावर घेतलं. हे शेजारी बसले. अंगावर काटा, तोंडाला पाणी सुटलं, उलटीचं. टाकलं नाही. बाहेर चपलावाला ठोकत होता, ते ठोके ऐकत बसले. आणि मग... उतरली. खरंच उतरली! पाणी ओसरावं तशी. बटण हातात तसंच. कोमट झालं होतं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

एक लागलं!!

सुई चारदा ओवली. पहिलं भोक जमेना, नजर चुकवायची नाही असं ठरवलेलं. मग मी त्या बटणाशी बोलायला लागले. म्हटलं, तू मावशींच्या बसमधून हिंडलेलं, आता बाबांच्या छातीवर बसायचंय, नीट वाग. जाड कोट, म्हणून बटणाखाली दोरा गुंडाळून मान करावी लागते. ती केली. गाठ मारली. दोरा दातानं तोडला. म्हणजे तोंड बटणाजवळ नेलं मी! तोडल्यावर लक्षात आलं.

चपलावाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "छान. बाकीची पाच?" अरसिक!

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आणखी दोन. तिसऱ्याला हात धुवून आले. चालतं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सहाही. सहाही! ओढून बघितली. हलत नाहीत. घट्ट.

काजवालीचा फोन — दोन्ही मुली, आई ठणठणीत. मी म्हटलं, बटणं मी लावली. ती म्हणाली, "मग? तुम्ही शिंपी ना?" तिला काय सांगणार! मी फोनवर हसतच राहिले.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

लागलं लग्न!

बाबा कार्यालयाच्या पायरीवर कोट उघडा टाकून उभे. मुद्दाम! मावशी गाडीतून उतरल्या, हिरव्या कपड्यांत, आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात, "दार बंद!" आणि खालून वर एकेक बटण लावत गेल्या. आपली बटणं ओळखून चौथ्याला जरा थांबल्या. लाल अस्तर त्यांना दिसलं. बाबा समोर बघत होते, हनुवटी वर, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखे. मी जवळ उभी होते. अगदी जवळ. मला थोडी धडधड झाली, पण ती माझी नेहमीची नव्हती. आनंदाची होती.

साहेबांनी दोनदा विचारलं, "वधू कोण?" कारण सही करायला बाबाच आधी धावले. हे निळ्या शर्टात. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आज वेगळेच दिसताय." पोट दुखेपर्यंत जेवलो. पाव अर्थातच बाबांचेच.

रविवार, १ डिसेंबर

बाबा दुपारी एकटेच आले, तो जुना स्वेटर घालून. मी चिडवलं, नवा कोट फक्त मावशींसाठी का? तर म्हणाले, "सवय गं. तुझ्या आईला बटणं बघवायची नाहीत. जीव घाबरा व्हायचा तिचा. शपथ घातली होती, कुणाला बोलू नका. ती होती तोवर मी बटण अंगाला लावलं नाही. तुझा शाळेचा युनिफॉर्मसुद्धा मीच चढवायचो, भट्टीवरून आल्या आल्या."

हो. कॉलरला पीठ लागलेलं असायचं.

"तू शिंपीण झालीस तेव्हा काय खूश झाली होती! रडली. म्हणाली, पोरीनं माझं हे घेतलं नाही हो."

बाबांना चहा करून दिला. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

घेतलं गं आई, जसंच्या तसं घेतलं. तुला कुणी सांगितलंच नाही — ते उतरतं गं.